मोहिनीचा गळा

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत कमलाबाई गोखले एका ओळीत संपतात. भारतीय चित्रपटातली पहिली बालनटी, चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’, साल १९१३, दिग्दर्शक दादासाहेब फाळके. त्याच्या वरच्या ओळीत त्यांच्या आई, दुर्गाबाई कामत: पडद्यावरची पहिली स्त्री. मुलं पाठ करतात, गुण मिळवतात, झालं. माझं भांडण या ओळीशी आहे. ती खोटी नाही, पण फार तोकडी आहे. जी बाई चौथ्या वर्षी रंगमंचावर उभी राहिली, जिने गाऊन आणि बोलून एक नाटक मंडळी चालवून दाखवली, तिची ओळख आपण ठेवली ती अशा एका चित्रपटावरून, ज्यात तिचा आवाजच नव्हता.

मी त्र्यंबकेश्वरची, म्हणजे सासर इथलं. सासरे भजनाला पेटी धरायचे आणि भजन संपलं की बोटं आपोआप नाट्यगीताकडे वळायची. त्यामुळे घरात नाटक मंडळ्यांची नावं देवादिकांच्या बरोबरीने घेतली जायची. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श. चित्ताकर्षक नाटक मंडळीचं नाव त्या पंगतीत जरा मागे बसायचं, पण बसायचं. गावात फाळक्यांचा अभिमान पुष्कळ. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० ला इथे जन्मले, वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित, पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायला गेले म्हणून बिऱ्हाड हललं. हे कुणीही सांगेल. त्यांच्या चित्रपटात बाई कुठून आली, हे मात्र कुणी विचारत नाही.

ती नाटकातून आली. फाळक्यांचं स्वतःचंही नाटकाशी नातं होतंच. प्लेगात पहिली पत्नी गेल्यावर १९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं ते किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या भाचीशी. याच त्या सरस्वतीबाई, ज्यांनी पुढे फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं काम शिकून घेतलं. फाळके स्वतः आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करत. लोकांना गर्दीने बसवून चकित करणं म्हणजे काय, हे त्यांना कॅमेऱ्याच्या आधी ठाऊक होतं.

तरीही ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. जाहिराती दिल्या, शोध घेत ते वेश्यावस्तीपर्यंत गेले, तिथल्या बायांनीही नकार दिला. एक लक्षात घ्यायला हवं, रंगमंचावर बाई उभी राहिली नव्हती असं मुळीच नाही. बेळगावकडच्या स्त्री-संगीत मंडळ्या नाटकं करत होत्या. पण त्या कलावंतिणींच्या घरातल्या, आणि पांढरपेशा समाजाने त्यांना बाजूच्या दाराने आत घेतलेलं. पडदा हा तर अजून दार नसलेला वाडा. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा साळुंके नावाचा नाजूक हाताचा तरुण फाळक्यांनी उचलला आणि त्याला तारामती केलं. तिथे दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले.

बाकीच्या पुरुषांनी लुगडी नेसायची तयारी दाखवली, मिशी काढायला मात्र नकार दिला. बाप गेल्यावर मिशी काढायची, बाप जिवंत असताना कशी काढणार? ही गोष्ट आता विनोद म्हणून सांगतात. आमच्या गावात ती विनोदी वाटत नाही. नारायण नागबलीच्या विधीला आलेला माणूस क्षौर करून उठतो तेव्हा त्याचा चेहरा कसा दिसतो ते इथे रोज पाहायला मिळतं. वरचा ओठ पांढरा, हात सारखा तिथे जातो. याच गावात लहानपणी वडिलांच्या मागे धार्मिक विधी शिकलेल्या फाळक्यांना त्या नकाराचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसणार. त्यांनी त्या नटांची समजूत काढली आणि चित्रपट पुरा केला. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये तो लागला.

मग फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकाला आले आणि दुसरा चित्रपट सुरू केला: ‘मोहिनी भस्मासुर’. आता मात्र पुरुषाला मोहिनी करणं त्यांना पटेना. कथेत विष्णूने मोहिनीचं रूप घेतलेलं असतं, म्हणजे खरं तर पुरुषाला मोहिनी करायला शास्त्राधार होता! पण भस्मासुराने ज्या नाचाच्या नादी लागून स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायचा, तो नाच तसा दिसायला नको का?

त्याच सुमारास चित्ताकर्षक मंडळी दौऱ्यावर होती. तिचे चालक रघुनाथराव गोखले. फाळक्यांनी त्यांच्याकडे दोन स्त्री कलावंत मागितल्या आणि गोखल्यांनी त्या दिल्या: पार्वतीला दुर्गाबाई, मोहिनीला त्यांची तेरा वर्षांची मुलगी कमला.

दुर्गाबाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नवऱ्यापासून वेगळी झालेली, लहान मुलगी पदरात असलेली बाई त्या काळी काय करू शकत होती? कुणाच्या घरी भांडी घासायची, नाहीतर त्याहून वाईट. त्यांनी फिरती नाटक मंडळी निवडली. समाजाने वाळीत टाकल्यासारखं केलं. नाटक मंडळीत शिरलेली बाई परत घरात येत नाही, असं तेव्हा मानलं जाई. दुर्गाबाईंनी परत यायचा प्रश्नच ठेवला नाही. मुलीचं बालपण बैलगाडीत, रेल्वेच्या डब्यात आणि विंगेत गेलं. शाळा नाही, पाठांतर मात्र भरपूर.

आता त्या मुलीच्या गळ्याला काय काय करावं लागत असेल ते पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ झालं तेव्हापासून मराठी नाटक म्हणजे रात्रभर चालणारी मैफल. ध्वनिक्षेपक नाही. समोर पायपेटी, तबला, सारंगी. मागे शेवटच्या रांगेत सुपारी कातरणारा पिटातला प्रेक्षक, जो ऐकू आलं नाही तर तसं ओरडून सांगणार. पद आवडलं तर ‘वन्स मोअर’, एकदा, दोनदा, चारदा. तिसऱ्यांदा म्हणताना तीच तान घेतली तर जाणकार नाक मुरडणार. गाता गाता भाषणात यायचं आणि भाषणातून पुन्हा सुरात शिरायचं, तेही पेटीवाल्याने पट्टी दाखवली न दाखवली एवढ्यात. सासरे म्हणायचे, नाटकातल्या गवयाचा श्वास पळणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा दोन्हींचा असावा लागतो. मी काळी चारमध्ये एखादं पद उभं राहून, हातवारे करत म्हणून पाहिलं आहे. दुसऱ्या अंतऱ्याला सूर ढळतो. बसून गाणं वेगळं.

हा सगळा पसारा घेऊन कमला नाशकात कॅमेऱ्यापुढे गेली आणि तिथे त्यातलं काहीच नको होतं. हाताने फिरवायचा कॅमेरा. उजेड सूर्याचा, म्हणजे रात्री रंगायची सवय असलेल्या मुलीने भर दुपारी रंग लावून उभं राहायचं. समोर पिट नाही, टाळी नाही. ठरलेल्या चौकटीतून पाय बाहेर पडता कामा नये. बोललेलं कुणाला ऐकू जाणार नाही, गायलेलं तर नाहीच. दिग्दर्शक चित्रण चालू असतानाच मोठ्याने सूचना देऊ शकतो, कारण त्याचा आवाजही उमटत नाही. रंगभूमीने तिच्यात नऊ वर्षं जे भरलं होतं त्यातला चेहरा, डोळे आणि हात एवढंच फाळक्यांनी उचललं. चित्रपट ‘पिठाचे पंजे’ या छोट्या विनोदी पटासोबत दाखवला गेला. आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर कमला काय करते? परत नाटकात जाते. इतिहासलेखक तिला पडद्यावर सोडून पुढे निघतात. ती स्वतः तिथे थांबली नव्हती.

नाशिक तेव्हा नाटकाचं गाव होतंच. चारच वर्षांपूर्वी, २१ डिसेंबर १९०९ ला, विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीच्या ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या होत्या. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याविरुद्धचं ते नाटक. त्यातली शारदा तेव्हा पुरुषच करत असे. मुलीच्या दुःखावर सगळं थिएटर रडायचं, पण ते दुःख मुलीने येऊन सांगावं असं कुणाला सुचत नव्हतं. आमच्याकडे मोखाड्याच्या वाटेवरच्या बोहाड्यातही देवीचा मुखवटा पुरुषच चढवतो, पण तिथे मुखवटा असतो, कुणी फसवत नाही.

रघुनाथरावांची स्वतःची गोष्ट या सगळ्याला एकदम छेद देते. तेही मूळचे किर्लोस्कर मंडळीतले, स्त्री भूमिका करणारे नट. वयात आल्यावर आवाज फुटला आणि ते काम गेलं. सगळेच काही बालगंधर्व नसतात. किती पोरं अशी मंडळीत आली, पाच-सहा वर्षं नायिका म्हणून मिरवली आणि आवाज फुटताच द्वारपाल झाली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. रघुनाथराव चित्ताकर्षक मंडळीत आले, आणि त्या मंडळीची नायिका झाली कमला. पुढे त्यांचं लग्न झालं. नाटकातली जुनी स्त्री आणि नवी स्त्री यांचा संसार! लोक याला सुधारणा म्हणतील. मला त्यात व्यवहार जास्त दिसतो. जिचा आवाज फुटणार नाही अशी नायिका मंडळीला मिळाली होती, आणि ज्याचा फुटला होता त्याच्याइतकी तिची किंमत कुणाला कळणार?

या गोष्टीला किती पुढचं म्हणावं? ‘आंधळ्यांची शाळा’ हे नॉर्वेच्या ब्यर्नसनवरून बेतलेलं नाटक नाट्यमन्वंतर या संस्थेने १९३३ साली आणलं. त्यात ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक या स्त्रियांनी स्त्री भूमिका केल्या, आणि मराठी नाटक नव्या युगात गेलं असं आपण शिकवतो. शिकवावंही. ते नाटक होतंच तसं. पण पुरुषांबरोबर एकाच रंगमंचावर उभं राहून नायिका करणं हे कमलाबाई त्याआधी दोन दशकं गावोगाव करत होत्या, सुशिक्षितांच्या कौतुकाशिवाय, पाठीशी कुणा विचारवंताचा अग्रलेख नसताना. नाट्यमन्वंतरला नवं नाटक करायचं होतं. कमलाबाईंना रात्रीचा प्रयोग करायचा होता.

मधल्या काळात फाळक्यांनाही रंगभूमीची ओढ लागली, हे थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिंदुस्तान फिल्म कंपनीतल्या भागीदारांशी बिनसल्यावर ते काशीला जाऊन बसले आणि नाटकांच्याच जगावर ‘रंगभूमी’ नावाचं भलंमोठं नाटक लिहिलं. १९२२ साली मुंबईत बालीवाला थिएटरात ते झालं. चाललं नाही. मामा वरेरकरांच्या ‘सत्तेचे गुलाम’ने तोवर लोकांना वेगळी चव लावली होती. फाळके नाशकाला, चित्रपटाकडे परत आले. ज्याने नटीला आवाजाशिवाय उभं केलं, त्याला बोलत्या रंगभूमीने उभं केलं नाही. माझ्या मनात थोडं समाधान आहे, ते लपवत नाही.

कमलाबाईंवर मात्र खरी वेळ पंचविसाव्या वर्षी आली. रघुनाथराव गेले तेव्हा तिसरं मूल पोटात होतं. विधवा, नटी, दोन लहान मुलं आणि एक येऊ घातलेलं. यातली कुठलीही एक गोष्ट बाईला घरात कोंडायला पुरेशी होती. त्या काम करत राहिल्या. पुढे चित्रपट बोलू लागला तेव्हा ज्यांची कारकीर्द नुसत्या चेहऱ्यावर उभी होती अशांची पंचाईत झाली. नाटकवाल्यांची चलती झाली, कारण आता पडद्याला नेमका गळाच हवा होता. कमलाबाईंनी मूक आणि बोलके मिळून कितीतरी चित्रपट केले. ऐंशीच्या घरात असताना १९८० सालच्या ‘गहराई’तही दिसल्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. १८ मे १९९८ ला त्या गेल्या, जवळजवळ अख्खं शतक पाहून. मोहिनीचं काम केलं तेव्हा चित्रपटाला आवाज नव्हता, आणि गेल्या तेव्हा घराघरांत टीव्ही अखंड बडबडत होता.

घर मात्र नाटकाचंच राहिलं. थोरले चंद्रकांत गोखले लहानपणापासून रंगमंचावर. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. लालजी तर अहमदजान थिरकवाँकडे शिकले. आईने पायपेटीच्या पट्टीवर आयुष्य काढलेलं, मुलांच्या बोटांत लय उतरली नसती तरच नवल. चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले. नातवाचं वाक्यातलं ते थांबणं आठवून पाहा, पूर्ण विरामाच्या जागी नव्हे तर भलत्याच ठिकाणी घेतलेला तो श्वास. ही सवय कॅमेऱ्याने लावलेली नाही. समोरच्या पिटाला वेठीला धरणाऱ्यांच्या घरातली ती आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत घशाच्या आजारामुळे त्यांनी रंगभूमीवरून निवृत्ती घेतली. चित्रपटात काम करणं पुढेही चालू होतं.