मरायला विसरलेल्या पेशी आणि एका गोळीचा इतिहास

सीएलएल नावाच्या रक्ताच्या कर्करोगात हल्ली ‘व्हेनेटोक्लॅक्स’ ही गोळी देतात. मुंबईहून फाइल घेऊन आलेले नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, नुसती गोळी? आणि पहिल्या आठवड्यात एवढासाच डोस?" याचं उत्तर जरा लांबून सुरू होतं.

तुमच्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, त्याही ठरवून, वेळ झाली म्हणून. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पान गळणं. त्याआधी कर्करोग म्हणजे पेशी बेसुमार वाढणं, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात होतं.

त्या काळी आपल्याकडे या विषयाचं काम परळला चालायचं. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभ्या केल्या. (हे आडनाव आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीवरून आलेलं.) त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे शिकून आल्या आणि पेशी शरीराबाहेर, काचेच्या बशीत जगवण्याचं तंत्र त्यांनी परळला रुजवलं. पुढची गोष्ट जगभर अशाच बशांमधून घडली.

१९८० च्या दशकात लिम्फोमाच्या पेशींत बीसीएल-२ हे जनुक सापडलं. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड वॉ आणि सहकाऱ्यांनी पेशींचा जगण्याचा संकेत देणारा पदार्थ काढून घेतला. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ जास्त असलेल्या पेशी वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत! म्हणजे कर्करोगात वाढीइतकंच न मरणंही महत्त्वाचं.

बीसीएल-२ हे प्रथिन काय करतं? त्याच्या अंगावर एक खाच असते. पेशीला मारणाऱ्या प्रथिनाचा एक छोटा पीळदार तुकडा त्या खाचेत अडकतो आणि मारणारा जेरबंद होतो. मग तसाच नकली तुकडा करून खाचेत बसवला तर? असे तुकडे म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटी साखळी. अडचण अशी, की सुंभाची दोरी मधून तोडली की पीळ सुटतो, तसंच याचं होतं. पीळ सुटलेला तुकडा शरीरातली विकरं फस्त करतात, आणि तो पेशीत शिरतही नाही.

२००४ मध्ये बोस्टनला वॉलेन्स्की, कोर्समायर आणि व्हर्डाइन यांनी पिळाचे दोन वेढे कार्बनच्या साखळीने एकमेकांना बांधून टाकले, जणू स्टेपलची पिनच मारली. पीळ टिकला, तुकडा पेशीत शिरला आणि उंदरांमधल्या मानवी ल्युकेमियाची वाढ मंदावली. स्टॅन्ली कोर्समायर पुढच्याच वर्षी, चोपन्नाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

गंमत म्हणजे बाजारात आलेली गोळी पेप्टाइड नाही. अ‍ॅबट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच खाचेत बसणारा लहान रेणू घडवला. आधीचं एक औषध बीसीएल-एक्सएल या भावंडालाही धरायचं, आणि प्लेटलेट त्याच्याच जोरावर जगत असल्याने त्या घसरायच्या. फक्त बीसीएल-२ ला धरणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सला २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

आता तो छोटा डोस. अडवून धरलेलं मरण एकदम मोकळं झालं, तर लाखो पेशी एकाच वेळी फुटतात, रक्तात पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड चढतं आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. म्हणून सीएलएलमध्ये २० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० पर्यंत नेतात, मधे रक्त तपासतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नका.

ही गोळी चालू असताना ग्रेपफ्रूट आणि आपल्या परसातली पाच धारांची आंबट कर्मरं (कुणी करमल म्हणतं) बंद, लोणच्यातलीसुद्धा. आणि पावसाळ्यात गजकर्णासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल तर मुळीच नको. तिच्यामुळे व्हेनेटोक्लॅक्स रक्तात कितीतरी पटीने साठतं. त्वचेच्या डॉक्टरांना फाइल आधी दाखवा.