मागच्या सीटवर बसलेलं मूल खरंच सुरक्षित असतं का?

नागपूरहून समृद्धी महामार्गाने शिर्डीला निघालेल्या कारमध्ये लहान मूल बहुतेक वेळा आईच्या मांडीवर असतं, नाहीतर मागच्या सीटवर मोकळं. 'मागे बसलंय, म्हणजे काळजी नाही' असा समज असतो. मुलांसाठी मागची सीटच योग्य, हे खरं. पण तेवढं पुरेसं नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या कारला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता. दोघांचाही मृत्यू झाला. पुढचे दोघे बचावले.

मांडीवर धरलेलं मूल का सुटतं?

धडकेत गाडी थांबते, आतली माणसं मात्र त्याच वेगाने पुढे जातात. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. समृद्धीवर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगात धडकेची ऊर्जा जवळपास सहापट होते.

मोठ्यांचा बेल्ट चालतो का?

हा बेल्ट मोठ्यांच्या मापाचा असतो. लहान मुलाच्या बाबतीत तो कमरेच्या हाडाऐवजी पोटावर आणि खांद्याऐवजी मानेवर येतो. त्यामुळे वयानुसार सोय बदलते:

- तान्हं बाळ: मागे तोंड असलेली चाइल्ड सीट. धक्का पाठ, मान आणि डोक्यावर विभागला जातो. एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही लावू नये.
- त्यानंतर: स्वतःचे पट्टे असलेली, पुढे तोंड असलेली सीट.
- थोडं मोठं मूल: बूस्टर सीट. ती मुलाला उंच करते, म्हणजे गाडीचा बेल्ट योग्य जागी बसतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४ ब नुसार, १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

गाडीला 'पाच स्टार' आहेत, मग?

भारत एनकॅपच्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवलेले असतात. मुलांच्या सुरक्षेचे स्टार त्यावरून मिळतात. मांडीवरच्या मुलाला ते लागू होत नाहीत.