जडत्वाची साक्ष

श्रोतेहो, पाथर्डीहून नगरला एस.टी.ने जाताना करंजी घाट लागतो. गाडी डावीकडे वळली की आपले अंग उजवीकडे कलते; ब्रेक लागला की कपाळ पुढच्या बाकाला भिडते. डोळे मिटून बसलात तरी गाडी वळली, थांबली, सुटली हे कळतेच. कोण सांगते ते? आपले जडत्व! चाललेली वस्तू चालतच राहू पाहते, स्थिर वस्तू जागची हलू पाहत नाही.

याच नियमावर माणसाने यंत्र केले. स्प्रिंगला एक वजन लावायचे, आणि धक्क्याने ते किती मागे राहिले ते मोजायचे. त्यावरून त्वरण मिळते, त्वरणावरून वेग आणि वेगावरून कापलेले अंतर. दिशा भोवरायंत्र सांभाळते. १९५८ साली 'नॉटिलस' ही अमेरिकन पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार झाली. तिथे ना तारे दिसत, ना किनारा. भरवसा होता तो अशाच यंत्रांवर.

आता आपल्या घराकडे येऊ. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटे. कोयनानगर गदगदा हादरले. झोपेतच घरे अंगावर कोसळली आणि पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. दख्खनचे पठार म्हणजे अढळ खडक, हा समज त्या पहाटे ढासळला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा पडल्या, पण धरण टिकले.

त्या धरणाच्या पोटात धक्का बसताच आपोआप सुरू होणारे एक त्वरणलेखक यंत्र होते. त्यातल्या वजनाची हालचाल प्रकाशकिरणाने छायाचित्रणाच्या कागदावर उमटली. धरणाचा आराखडा करताना गुरुत्वाच्या शेकडा ५ इतक्याच आडव्या जोराचा हिशेब धरला होता. कागदावर क्षणभराचा झटका निघाला शेकडा ६३! हे दोन आकडे अगदी एकाच मापाचे नव्हेत, तरी अंदाज किती तोकडा होता हे त्यांवरून दिसते. पुढे काँक्रीटचे टेकू देऊन धरण बळकट केले. १९७० साली भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारला, तेव्हा कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या गटात गेला. जगभरचे अभियंते आजही त्या नोंदीवर आपली गणिते पडताळून पाहतात.

मात्र साक्षीदार खरा हवा, म्हणून आधी यंत्राची परीक्षा घेतात. हलत्या टेबलावर ठेवून त्याला ठरावीक झटके देतात आणि नोंद जुळते का ते पाहतात. दिशादर्शक यंत्रात तर हे फारच जपावे लागते. त्वरण मोजण्यात बारीकशी कायमची चूक राहिली, तर वेळ दुप्पट होताच अंतरातली चूक चौपट होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही परीक्षा वर्गातही घेता येते. आजच्या मोबाइलमध्ये असेच एक चिमुकले यंत्र असते. त्याचा आकडा दाखवणारे ॲप उघडा आणि फोन टेबलावर उताणा ठेवा: ९.८च्या आसपास आकडा दिसेल. पालथा करा: तोच आकडा उणे होईल. दोन्ही आकडे सारखे नसतील, तर यंत्रात किती खोट आहे ते मुलांना तिथेच मोजता येईल. आणि मग त्यांना कोयनेची ती पहाट सांगा. जमीन हलणे आपल्या हाती नाही; पण ती किती हलते हे नीट मोजले, तर पुढचे घर कसे बांधावे हे ठरवणे आपल्या हाती आहे.