लास कासासची पापनिवेदनाची नियमावली

पाप हे व्यक्तीचे आणि अन्याय हा समाजाचा, असा भेद सामान्यतः केला जातो. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील आदिपापाची कल्पना सबंध मानवजातीला लागू असली, तरी प्रत्यक्ष पापनिवेदन प्रत्येकाने धर्मगुरूपुढे एकट्यानेच करावयाचे असते. सोळाव्या शतकात स्पेनने अमेरिकेत केलेल्या अन्यायाचा निवाडा या एकांतातील विधीच्या द्वारे करण्याचा एक विलक्षण प्रयत्न झाला. तो करणारा बार्तोलोमे दे लास कासास (१४८४–१५६६) हा त्याच्या १५५२ च्या लहानशा संहारवर्णनामुळेच जगाला परिचित आहे. त्या वर्णनातील आकडे अतिशयोक्त आहेत, आणि स्पेनच्या शत्रूंनी त्याचा प्रचारासाठी यथेच्छ उपयोगही केला. त्याची पापनिवेदनाची नियमावली मात्र त्या मानाने उपेक्षित राहिली आहे.

या नियमावलीचे मूळ १५११ सालच्या डिसेंबरात सापडते. एस्पान्योला बेटावरील सांतो दोमिंगो येथे आंतोनियो दे मोंतेसिनोस या दोमिनिकी संन्याशाने वसाहतवाल्यांना भर प्रार्थनासभेत महापापी ठरविले. मूळ रहिवाशांना वाटून घेऊन त्यांच्याकडून खाणीत व शेतात वेठ करून घेण्याची जी ‘एन्कोमिएन्दा’ नावाची पद्धत होती, तिच्यावर हा घाव होता. श्रोते खवळले, राजाकडे तक्रारी गेल्या, १५१२ मध्ये बुर्गोस येथे काही कायदे झाले, पण वेठ कायम राहिली. लास कासास १५०२ मध्येच या बेटावर आला होता. तो धर्मगुरू झाला आणि एन्कोमिएन्दाचा धनीही राहिला. त्याच्या पदरी असे लोक आहेत एवढ्याच कारणास्तव एका दोमिनिकी संन्याशाने त्याला पापक्षमा नाकारली होती, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्या वेळी त्याने वाद घातला. लोक मात्र सोडले नाहीत. १५१४ मध्ये क्यूबात प्रवचनाची तयारी करीत असता, अन्यायाने मिळविलेल्या धनातून केलेले अर्पण देवाला अमान्य असल्याचा धर्मग्रंथातील भाग त्याच्या वाचनात आला. तेव्हा कोठे त्याने आपल्या वाट्याचे लोक गव्हर्नराच्या स्वाधीन केले. आपण सोडलेले लोक दुसऱ्या एखाद्या क्रूर धन्याच्या हाती पडतील, ही भीतीही त्याने लिहून ठेवली आहे.

पुढे १५२२ मध्ये तो दोमिनिकी संघात दाखल झाला, आणि तेथील अध्ययनात त्याच्या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळाला. चोराने चोरीचा माल परत केल्यावाचून त्याचा पश्चात्ताप खरा मानता येत नाही, हे मत ऑगस्टीनचे. शक्य असता परतफेड करणे तारणासाठी अवश्य आहे, असे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने प्रतिपादिले होते. यात नवीन काहीच नव्हते. युरोपातील सावकाराला हाच दंडक लावला जात असे. लास कासासने तो संपूर्ण विजेत्या वर्गाला लावला, एवढेच. पण तेवढ्याने सारे चित्र पालटले.

१५४२ च्या ‘नव्या कायद्यां’नी एन्कोमिएन्दाची वारसा हक्काने होणारी प्राप्ती बंद केली. त्यानंतर चियापासचा बिशप होऊन तो १५४५ मध्ये आपल्या धर्मप्रांतात आला. गुलाम बाळगणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये, असा त्याने तेथील धर्मगुरूंना आदेश दिला. स्वतः दीननेच तो मोडला. नगरात दंगा झाला आणि सशस्त्र नागरिक बिशपच्या घरावर चालून गेले. त्याच साली राजाने वारसाहक्काची बंदी मागे घेतली. राजाज्ञेने जे साधले नाही ते पापनिवेदनाच्या आसनावरून साधावे, या निश्चयाने त्याने बारा नियम लिहिले.

त्यांतील तपशील थक्क करणारा आहे. मरणासन्न विजेत्याने पापनिवेदनापूर्वीच नोटरीसमक्ष दस्तऐवज करून द्यावा. आपण या देशात रिकाम्या हाताने आलो आणि जे आहे ते येथील लोकांचे आहे, असे त्यात कबूल करावे. सर्व मालमत्तेची व्यवस्था धर्मगुरूच्या हाती सोपवावी. गुलाम तत्काळ मुक्त करावेत. मुलांचा त्या धनावर वारसाहक्क नाही. गरजेपुरती भिक्षा तेवढी मिळेल. विजेत्यांना शस्त्रे विकणारा व्यापारीही या हिशेबातून सुटत नाही. ज्यांचे नुकसान झाले ते किंवा त्यांचे वारस सापडले नाहीत, तर धन त्या गावांच्याच हितासाठी खर्चावे. एकाने लुटले आणि दुसऱ्याने फक्त साह्य केले, अशी सबब येथे चालत नाही: युद्धच अन्यायाचे असल्याने त्यात सामील झालेला प्रत्येकजण साऱ्या नुकसानीचा देणेकरी ठरतो.

या तर्काचा शेवट राजाच्या सिंहासनाशी येऊन थांबतो, हे विरोधकांनी अचूक ओळखले. विजय जर पापमूलक, तर राजाचा हक्क कोणता उरला? १५४८ मध्ये नियमावलीची हस्तलिखिते जप्त करण्याचा हुकूम सुटला. लास कासासला तीस प्रमेये लिहून आपली राजनिष्ठा सिद्ध करावी लागली. सेपुल्वेदाबरोबरचा वायादोलीदचा १५५०–५१ चा प्रसिद्ध वाद याच वातावरणात झाला. काही लोक निसर्गतःच गुलाम होत, हे अॅरिस्टॉटलचे मत सेपुल्वेदाच्या युक्तिवादाच्या मुळाशी होते. वादाचा निर्णय काही लागला नाही.

लास कासासचा मोठा दोष येथे झाकून चालणार नाही. मूळ रहिवाशांचे ओझे हलके व्हावे म्हणून आफ्रिकी गुलाम आणावेत, अशी सूचना त्याने १५१६ मध्ये आणि नंतरही केली. आफ्रिकी गुलामगिरी त्याच्या आधीच सुरू झाली होती, आणि १५१८ मध्ये राजाने चार हजार गुलामांचा परवाना दिला तो कोणा एकाच्या सल्ल्याने नव्हे. तथापि, त्याचा चरित्रकार या सबबी देतो तितक्या सहजतेने तो स्वतः देत नाही. पोर्तुगीजांनी ते लोक अन्यायानेच पकडलेले आहेत, हे उशिरा कळल्यावर, आपले अज्ञान व सद्हेतू देवाच्या न्यायासनापुढे आपल्याला वाचवतील याची खात्री नाही, असे त्याने आपल्या बृहद् इतिहासात लिहिले. १५५९ मध्ये तो ग्रंथ वायादोलीदच्या सान ग्रेगोरियो विद्यालयाकडे सोपविताना, चाळीस वर्षे तो प्रसिद्ध करू नये, अशी अट त्याने घातली. प्रत्यक्षात तो छापला गेला १८७५ मध्ये. १५६४ च्या मृत्युपत्रात त्याने या अपराधांसाठी साऱ्या स्पेनवर देवाचा कोप होईल असे भाकीत केले. तेथे पापी हा एक मनुष्य नसून एक राष्ट्र आहे.

नियमावलीचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला, याचे उत्तर पेरूतील मृत्युपत्रांत मिळते. गियेर्मो लोमान वियेना या इतिहासकाराने १९६६ मध्ये ती तपासून दाखविले की, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर अनेक वृद्ध विजेत्यांनी आपल्या एन्कोमिएन्दातील लोकांसाठी परतफेडीच्या रकमा नेमून दिल्या. त्यांतला बराच पैसा रुग्णालयांकडे व धर्मादाय निधींकडे वळला. ज्या लोकांकडून तो घेतला होता, त्यांच्यापैकी पुष्कळजण तोवर हयात नव्हते.