पाषाणाची धूळ आणि कायद्याची नोंद

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा राजमार्ग आणि धुळ्याहून नवापूर, व्यारा, बारडोलीवरून येणारा रस्ता यांची गाठ सुरत जिल्ह्यातील पलसाणा येथे पडते. पोटापाण्यासाठी सुरतेकडे वळलेल्या खानदेशी कुटुंबांची ही जुनी वाट होय. तेथे बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसांसाठी एका रोगाचा इतिहास ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पाथरवटास श्वासाचा विकार जडतो, हे इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले होते. पुढे या विकारास ‘सिलिकोसिस’ हे नाव मिळाले. वालुकाश्म, ग्रॅनाइट, गारगोटी यांत स्फटिकरूप सिलिका विपुल असते. असा दगड किंवा काँक्रीट कोरडे कापले असता तिचे डोळ्यांस न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात व तेथे कायमचे वण पडतात. हा रोग बरा होत नाही. त्याच्या पाठोपाठ पुष्कळदा क्षयही येतो.

आपल्या कायद्यास हा रोग अपरिचित नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याने त्यास सूचनीय रोगांच्या यादीत घातले आणि रोगी आढळल्यास कळविण्याचे दायित्व डॉक्टरांवर टाकले. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास मात्र १९९६ साल उजाडले.

परंतु कायद्यात नाव असणे निराळे आणि मजुरास न्याय मिळणे निराळे. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ भागांतील आदिवासी गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामास गेले आणि हा रोग घेऊन घरी परतले. त्यांतील २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली केली. गुजरात सरकारने ती रक्कम द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून मिळण्यास २०१६ साल यावे लागले. हे तर कारखान्यातील मजूर! आज या इमारतीवर, उद्या त्या इमारतीवर काम करणाऱ्याच्या हाती नेमणुकीचा कागद नसतो. वर्षांनी खोकला सुरू झाला म्हणजे दाद मागावी ती कोणाविरुद्ध?

हा प्रश्न देवळाच्या पायरीपर्यंत येतो. मंदिरांसाठी दगड घडविणाऱ्या राजस्थानातील पिंडवाड्याच्या कारागिरांतही हा रोग आढळला आहे. तेव्हा जीर्णोद्धाराचा करार करताना विश्वस्तांनी दोन कलमे आग्रहाने घालावीत: दगड पाणी सोडूनच कापला जावा, आणि प्रत्येक कारागिराचे नाव, गाव व कामाचे दिवस नोंदवहीत लिहिले जावेत. पहिल्याने धूळ जागीच बसेल. दुसऱ्याने, दुर्दैवाने वेळ आलीच, तर त्याच्या वारसांच्या हाती पुरावा राहील. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो. घडविणाऱ्याचे नाव निदान वहीत तरी असावे.