कापसाचे संशोधन आणि वेचणारी बाई

माझी आई अकोला जिल्ह्यात दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचीत असे. कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचायचे आणि संध्याकाळी काट्यावर जेवढे भरेल तेवढ्याचे पैसे घ्यायचे. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटे फाटत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. इतिहासाचा प्राध्यापक झाल्यावर वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास वाचला. त्यात धाग्याची लांबी सापडली. आईची बोटे सापडली नाहीत. हा योगायोग नव्हे.

इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या आरंभी, शेतीखात्याने वऱ्हाडात ‘रोझियम’ कापसाचा प्रसार केला. त्याचा धागा आखूड आणि जाडा, पण जिनमध्ये रुईचा उतारा जास्त. गिरण्यांना मात्र लांब धागा हवा होता. १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने कापसावर उपकर बसला आणि १९२४ साली माटुंग्याला धागा तपासणारी प्रयोगशाळा उभी राहिली. समितीत सरकारी अधिकारी होते, व्यापारी होते, गिरणीवाले होते, बागाईतदार-जमीनदारांचे प्रतिनिधी होते. ज्या हातांनी गाठीतला कापूस वेचला, त्या हातांचे तेथे कोणी नव्हते. जो समितीत बसतो, तोच संशोधनाचा प्रश्न ठरवतो. आणि प्रश्न ठरला की धोरण आपोआप ठरते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलेल अशी आशा होती. १९६७ साली कृषी विद्यापीठासाठी अकोल्यात आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. १९६९ साली विद्यापीठ मिळाले आणि त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव लाभले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात, १९२७ साली, पंजाबराव अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले होते. म्हणून या विद्यापीठाकडून आमची अपेक्षा अधिक आहे. त्याने १९८१ साली ‘पीकेव्ही हायब्रीड–२’ हे कापसाचे संकरित वाण दिले. कोरडवाहू वऱ्हाडाला असे संशोधन हवेच होते. त्याचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण मजूर संशोधनात येतो तो कोणत्या रकान्यात? १९७०–७१ पासून केंद्र सरकारच्या पैशातून, बहुतांशी कृषी विद्यापीठांमार्फत, पिकांच्या उत्पादनखर्चाची पाहणी होते. हमीभावाची शिफारस त्या आकड्यांवर आधारलेली असते. शेतकऱ्याला त्याची गरज आहे, यात वाद नाही. मात्र त्या हिशेबात वेचणारीची मजुरी ‘खर्च’ असते. खर्च ही कमी करण्याची गोष्ट. तीच मजुरी आमच्या घरात चूल पेटवीत होती, हे सांगायला त्या तक्त्यात रकाना नाही.

याचे मोल किती पडते ते २०१७ साली दिसले. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधाची मात्रा हेक्टरी सांगितली जाते. पाठीवर पंप घेऊन, डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत दिवसभर वावरणाऱ्या देहाला किती विष सोसते, हा प्रश्न मृत्यूनंतर ऐरणीवर आला.

आता बुटक्या, जवळजवळ लावता येणाऱ्या आणि एकाच वेळी फुटणाऱ्या वाणांवर संशोधन चालू आहे. उद्या यंत्राने वेचणी करता यावी, हा त्यामागचा एक हेतू आहे. मी यंत्राचा शत्रू नाही. फाटलेल्या बोटांचे गोडवे कामातून सुटलेला माणूसच गाऊ शकतो. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधात शेतीवरचा माणसांचा बोजा हे खरे दुखणे मानले आणि औद्योगिकीकरणाचा उपाय सुचवला. त्यांनी माणसाला शेतातून नुसते बाहेर काढा असे म्हटले नाही. त्याला दुसरे काम द्या असे म्हटले. यंत्राचा प्रकल्प मंजूर करताना त्या दुसऱ्या कामाचा विचार कोणी करायचा?

आपली मुले-मुली आज कृषी महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांनी वाण शोधावेत, पदव्या मिळवाव्यात. पण प्रकल्पाचा कागद लिहिताना एक रकाना स्वतःच्या हाताने आखावा : या संशोधनाने वेचणारीचे काय होईल? पैसा सार्वजनिक असेल, तर हा प्रश्नही सार्वजनिक आहे.