कागदावरची बाई आणि खांबावरची बाई

मागच्या रविवारी गावातल्या एका सभागृहात चित्रकलेच्या पोरापोरींचं प्रदर्शन होतं. दुपारी गेलो, तर एक चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. उलटं करून पाहिलं. कोळशाने काढलेली, पाठमोरी बसलेली एक बाई. अंगावर कपडा नाही. मान खाली, पाठीचा कणा दिसतोय, कंबरेला वयाच्या वळ्या. बारावीतल्या एका मुलीने पुस्तकातली अभ्यासचित्रं बघून काढलेलं. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, "दादा, बायाबापड्या येतात, उगाच वाद नको."

बाहेर आलो. सभागृहासमोरच्या खांबावर पाण्याच्या मोटारीचं होर्डिंग आहे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय ते. भिजलेल्या साडीतली बाई, आणि कोपऱ्यात तळहाताएवढी मोटार. त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. साडी आहे ना अंगावर!

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून थोडं जुनं उकरतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी होती, कमळावर उभी, भरजरी साडीतली, ती बहुतेक राजा रविवर्म्याची. १८९४ साली त्याने घाटकोपरला छापखाना काढला. 'शकुंतला जन्म' हे तिथलं पहिलं चित्र. पुढे मुंबईत प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यात टांगायची चित्रं काही आण्यांत चाळीतल्या खोलीत येऊन पोचली. रविवर्म्याने पुराणातल्या बायकांना खऱ्याखुऱ्या बायकांचं अंग दिलं, साड्या दिल्या, बऱ्याच जणींना तर आपल्याकडचं नऊवारी वळण दिलं. दमयंती असो की मोहिनी, लोकांनी हात जोडले आणि डोळे भरून पाहिलंही. दोन्ही एकाच वेळी. यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

गोष्ट बदलली ती नंतर. छापखाना फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. नुसत्या चित्रांवर भागेना, तेव्हा लेबलं आणि जाहिरातींची कामं सुरू झाली. त्याच चित्रांखाली, त्याच बायकांच्या पायाशी मालाची आणि कंपनीची नावं येऊ लागली. चित्र तेच, साडी तीच, पदर तसाच. फक्त बाई आता कामाला लागली होती. तिच्याकडे बघणाऱ्याची नजर घसरत घसरत खालच्या ओळीवर जावी, एवढंच तिचं काम. चित्रासाठी बसलेल्या बायका कोण होत्या, हे मात्र त्या छापील कागदांवर कुठे नसायचं.

पुढे चेहऱ्याला नाव आलं. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा भारतीय नटी दिसली, ती आपली लीला चिटणीस. धारवाडची, पदवीधर. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलांना वाढवायचं म्हणून नाटकात आणि मग सिनेमात आलेली बाई. तेव्हा 'कंगन'मुळे तिचं नाव घरोघरी झालं होतं. साबणाच्या वडीने तिच्या कांतीचं कौतुक केलं. आणि सातच वर्षांनी, १९४८च्या 'शहीद'मध्ये ती दिलीपकुमारची आई झाली. वय एकोणचाळीसच्या आसपास! मग 'आवारा'त राज कपूरची आई. जाहिरातीतली कांती किती वर्षं चालते त्याचा हिशेब बाजाराने असा रोख चुकता केला. चिटणीसबाईंनी 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र लिहून ठेवलंय. आपल्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा.

आता पोलिसांकडे वळू. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी या पंचविशीतल्या चित्रकाराचं प्रदर्शन होतं. त्यात 'लव्हर्स' नावाची चित्रं. एकात पुरुषाचा हात बाईच्या छातीवर. पोलीस आले, चित्रं काढा म्हणाले. पदमसीने नकार दिला. अटक झाली, खटला चालला आणि तो जिंकला. सरकारने अपील केलं, तेही टिकलं नाही.

वाटलं असेल की विषय संपला. सत्तर वर्षांनी त्याच पदमसीच्या आणि गोव्यात साळगावला जन्मलेल्या सुझाच्या मिळून सात कलाकृती परदेशातून मुंबईत आल्या आणि कस्टमने अश्लील म्हणून अडवल्या. ज्यांची चित्रं जगात लिलावात जातात, ते दोघे! ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्न चित्र म्हणजे आपोआप अश्लील असं होत नाही, हे पुन्हा एकदा सांगावं लागलं.

मधे १९९५ आहे. टफ बुटांची जाहिरात आठवते? मिलिंद सोमण आणि नागपूरची मधू सप्रे, अंगावर बूट आणि एक अजगर. तेव्हा मी शाळेत होतो. ते मासिक वर्गात बाकाखालून फिरलं होतं. खटला चालला चौदा वर्षं, २००९ मध्ये सुटका झाली. मला ती जाहिरात तेव्हाही आवडली नाही. बुटाचा आणि त्या दोघांच्या अंगाचा संबंध काय, हा प्रश्न आहेच. पण खटला त्या प्रश्नाचा नव्हता. खटला कपड्याचा होता.

गंमत अशी की आपला कायदा इतका वेडा नाही. स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखणारा १९८६चा कायदा आहे. त्यात शरीर अशा तऱ्हेने दाखवणं की ज्यात स्त्रीचा अवमान होईल, तिला हीन लेखलं जाईल, असे शब्द आहेत. कपडा किती इंच, असं कुठे म्हटलेलं नाही. उलट कला, शिक्षण, देवळांवरची शिल्पं यांना त्यात सूट आहे. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्या मुलीचं चित्र सुटतं आणि मोटारवाली बाई चौकशीला उभी राहते. आपण नेमकं उलटं करतो, कारण टेप घेऊन कपडा मोजणं सोपं. अवमान झाला का हे ठरवायला चित्राकडे नीट बघावं लागतं.

आणि ज्या बायका चित्रकारांसमोर बसतात, त्यांना तर कोण विचारतो? रवी जाधवांचा 'न्यूड' हा मराठी सिनेमा अशाच बाईची गोष्ट सांगतो. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसून पोराला शिकवणारी आई. २०१७ साली तो गोव्याच्या इफ्फीतून ऐनवेळी वगळला गेला. नंतर सेन्सॉरने एकही कट न लावता पास केला. सिनेमात जी बाई हे काम घरच्यांपासून लपवते, तिचा सिनेमाही लपवायला निघाले होते.

असो. त्या आयोजकांशी माझं वैर नाही. भली माणसं आहेत, दरवर्षी पदरमोड करून प्रदर्शन भरवतात. वाद झाला तर निस्तरायला त्यांच्यासोबत कोण उभं राहणार होतं? मी स्वतः त्या दिवशी चित्र पुन्हा सरळ करून ठेवलं नाही. जसं होतं तसं भिंतीकडे वळवून बाहेर आलो. बातमीतही चार ओळी लिहिल्या, त्यात या चित्राचा उल्लेख नाही.

परवा ती मुलगी वडिलांसोबत चित्र न्यायला आली होती. वडील एसटीत वाहक आहेत. त्यांनी चित्र हातात घेऊन जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाठ अगदी आमच्या म्हातारीची काढलीय." मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून घेऊन गेले. मुलीची फाइन आर्टची सीईटी आहे पुढच्या महिन्यात.